लॅपटॉपचा आवाज बंद झालाय? आधी तो कुठे अडतोय ते शोधा

व्हिडिओ चालू आहे, पट्टी पुढे सरकतेय, माणसांचे ओठ हलताहेत, पण लॅपटॉप चिडीचूप. अशा वेळी बहुतेकजण थेट ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि ऑडिओ चिप यांना जोडणारं सॉफ्टवेअर, काढून टाकतात, आणि तेवढ्याने भागलं नाही की विंडोज नव्याने टाकायच्या गोष्टी सुरू होतात. घाई करू नका. ड्रायव्हरला हात लावायची पाळी बरीच उशिरा येते, आणि धडधाकट ड्रायव्हर उगाच काढला तर एका बिघाडाचे दोन होतात.

आवाजाचा रस्ता ध्यानात ठेवला की शोध सोपा होतो. ॲप आवाज तयार करतं. विंडोजचा मिक्सर सगळ्या ॲप्सचे आवाज एकत्र करून एका ठरावीक आउटपुटकडे पाठवतो. तिथून ड्रायव्हर तो मदरबोर्डवरच्या ऑडिओ चिपपर्यंत नेतो. ही चिप, म्हणजे कोडेक, आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करते, ॲम्प्लिफायर त्यांना जोर देतो आणि शेवटी स्पीकरचा पडदा थरथरतो. यातली कोणती कडी सुटलीय एवढंच आपल्याला शोधायचंय.

पहिली दोन मिनिटं

कीबोर्डच्या वरच्या रांगेत स्पीकरवर काट मारलेल्या चित्राची की असते. काही मॉडेलांत ती नुसती दाबली तरी चालते, काहींत एफएन धरून दाबावी लागते. पुष्कळ लॅपटॉपांत तिच्यावर बारीक दिवा असतो आणि तो पेटलेला असेल तर आवाज म्यूट आहे. लॅपटॉप चालू ठेवून कीबोर्ड पुसला की ही की हमखास दाबली जाते.

आता टास्कबारवरच्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करा आणि आवाजाचा स्लायडर माउसने पन्नासच्या आसपास ओढून सोडा. सोडताक्षणी विंडोज एक छोटासा ‘टिंग’ वाजवतं. हा टिंग ऐकू आला तर ड्रायव्हर, चिप, स्पीकर सगळं ठणठणीत आहे आणि दोष फक्त त्या ॲपचा किंवा वेबसाइटचा आहे. मग ब्राउझरच्या टॅबवर राइट-क्लिक करून बघा. क्रोममध्ये टॅब म्यूट केला की नुसता तो टॅब नाही, ती अख्खी साइट म्यूट होते, आणि पुढच्या वेळीही तशीच राहते. व्हिडिओच्या प्लेअरचा स्वतःचा आवाजाचा स्लायडरही शून्यावर नाही ना, ते पाहून घ्या.

टिंग आला नाही तर एकदा रीस्टार्ट करा. इथे रीस्टार्टच हवं, शट डाउन करून पुन्हा चालू करणं नको. विंडोज १० आणि ११मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं, तेव्हा शट डाउन करताना सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जतन होते आणि चालू करताना तीच परत उचलली जाते. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने चढतं. शट डाउनच करायचं असेल तर शिफ्ट धरून त्यावर क्लिक करा, म्हणजे ते पूर्ण होतं.

हिरव्या पट्ट्यांची चाचणी

एवढ्याने आवाज आला नाही तर पुढची चाचणी सगळ्यांत मोलाची, आणि नेमकी हीच लोक वगळतात. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जाऊन तळाशी ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ उघडा. विंडोज १०मध्ये कंट्रोल पॅनेलमधून ‘साउंड’ उघडा. जुन्या धाटणीची एक छोटी खिडकी येते. तिच्यात ‘प्लेबॅक’ हा टॅब निवडा आणि मागे एखादं गाणं चालू ठेवा. यादीतल्या प्रत्येक उपकरणाच्या उजव्या बाजूला आडव्या रेषांची एक उभी मोजपट्टी असते. आवाज त्या उपकरणाकडे जात असेल तर त्या रेषा खालून वर हिरव्या होत नाचतात.

आता नीट बघा. चारपैकी एक काहीतरी दिसेल.

यादीत ‘स्पीकर्स’ आहे, पण पट्टी नाचतेय दुसऱ्याच नावापुढे: मॉनिटर, टीव्ही किंवा ब्लूटूथ हेडफोन. म्हणजे आवाज चाललाय, पण भलत्या घरी.

कुठलीच पट्टी हलत नाही. आवाज विंडोजच्या वरच्या टप्प्यातच अडकलाय, ॲपमध्ये, मिक्सरमध्ये किंवा ऑडिओच्या सर्व्हिसमध्ये (विंडोजमागे सतत चालणारा छोटा प्रोग्राम).

‘स्पीकर्स’पुढची पट्टी झकास नाचतेय, तरी कानाला काही नाही. विंडोजने आपलं काम केलंय. दोष हेडफोनच्या जॅकमध्ये, एन्हान्समेंटमध्ये (ध्वनी ‘सुधारणारं’ सॉफ्टवेअर), ॲम्प्लिफायरच्या ड्रायव्हरमध्ये किंवा स्पीकरमध्ये.

यादी रिकामी आहे आणि टास्कबारवर स्पीकरपुढे काट आहे. विंडोजला ऑडिओ चिपच दिसत नाहीये. तुम्ही थेट ड्रायव्हरच्या भागाकडे जा.

आवाज भलत्या घरी

एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची केबल चित्राबरोबर आवाजही नेते. मॉनिटर जोडला की विंडोज बऱ्याचदा त्यालाच आउटपुट मानतं, आणि त्या मॉनिटरला स्पीकर नसतील तर आवाज हवेत विरतो. ब्लूटूथचं तर काखेत कळसा आणि गावाला वळसा: हेडफोन पलीकडच्या खोलीत डबीबाहेर पडलेले असतात, लॅपटॉपला जोडलेले राहतात, आणि आपण इथे ड्रायव्हर शोधत बसतो. प्लेबॅकच्या यादीत ‘स्पीकर्स’वर क्लिक करून ‘सेट डिफॉल्ट’ दाबा. विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांत विंडोज, कंट्रोल आणि व्ही या तीन कीज एकत्र दाबल्या की आउटपुट निवडायची यादी लगेच समोर येते. रोज मॉनिटर जोडणाऱ्यांनी हा शॉर्टकट बोटांना लावून घ्यावा.

‘स्पीकर्स’ यादीत दिसतच नसेल तर मोकळ्या जागेत राइट-क्लिक करून ‘शो डिसेबल्ड डिव्हायसेस’वर टिक करा. करड्या रंगात ते दिसलं तर राइट-क्लिक करून ‘एनेबल’ करा.

रिमोट डेस्कटॉपने दुसऱ्या संगणकावर काम करत असाल तर यादीत ‘रिमोट ऑडिओ’ दिसेल. तेव्हा आवाज कुठे वाजवायचा हे जोडणीआधीच्या सेटिंगमध्ये ठरतं, इथे नाही.

ब्लूटूथ हेडफोनचा आणखी एक घोळ आहे. हेडफोनचा माइक वापरात आला की ब्लूटूथ स्टिरिओ सोडून फोनवर बोलण्याच्या पद्धतीवर जातं. त्या वेळी गाण्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो किंवा पार बंद पडतो. विंडोज १०मध्ये एकाच हेडफोनची ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशी दोन नावं दिसतात ती यामुळेच. मीटिंगच्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा अंगचा माइक निवडला की हा त्रास संपतो.

एकही पट्टी हलत नसेल तर

साउंड सेटिंग्जमध्ये ‘व्हॉल्यूम मिक्सर’ उघडा. इथे प्रत्येक ॲपचा आवाज वेगळा दिसतो आणि प्रत्येक ॲपला वेगळं आउटपुटही देता येतं. कधीतरी ब्राउझरला हेडफोन नेमून दिलेले असतात आणि आता ते हेडफोन जोडलेले नसतात. तळाशी ‘रीसेट’ आहे, तो दाबला की सगळी ॲप्स मूळ आउटपुटवर परततात. मीटिंगची ॲप्स मात्र विंडोजला न जुमानता आपल्या सेटिंगमध्ये स्पीकर वेगळा लक्षात ठेवतात, त्यामुळे तिथेही डोकवा. त्याच जुन्या साउंड खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा टॅब आहे. कॉल चालू असताना बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, हे तिथे आधीपासून निवडलेलं असतं. ‘डू नथिंग’ करून टाका.

मग सर्व्हिसेस. स्टार्ट मेनूत ‘सर्व्हिसेस’ शोधून उघडा. लांबलचक यादीत ‘विंडोज ऑडिओ’ आणि ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ ही दोन नावं शोधा. दोन्हींपुढे ‘रनिंग’ आणि ‘ऑटोमॅटिक’ असं असायला हवं. रीस्टार्ट करताना एंडपॉइंट बिल्डरवर राइट-क्लिक करा, कारण विंडोज ऑडिओ त्याच्यावर अवलंबून आहे. तो थांबवला की विंडोज दुसरीही सर्व्हिस थांबवू का असं विचारतं, आणि होकार दिला की दोन्ही पुन्हा सुरू करतं. नंतर दोन्हींपुढे ‘रनिंग’ आलंय ना, याची खात्री करा.

सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं चालतं त्या अवस्थेत, आवाज तपासू नका. तिथे ऑडिओची सर्व्हिस चालतच नाही, त्यामुळे धडधाकट लॅपटॉपही मुकाच राहतो.

पट्टी नाचते, स्पीकर गप्प

आधी हेडफोन लावून बघा. हेडफोनमध्ये आवाज आला तर कोडेक जिवंत आहे, आणि संशयाची सुई पहिल्यांदा जॅककडे वळते. ३.५ मिलिमीटरच्या या भोकाच्या आत धातूची एक बारीक पाती असते. पिन आत गेली की ती पाती ढकलली जाते आणि त्या खुणेवर लॅपटॉप स्पीकर बंद करतो. कापसाचा तंतू किंवा खिशातला कचरा तिथे अडकला, किंवा पाती दबलेलीच राहिली, की लॅपटॉपला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे. खूण सोपी आहे: काहीही न लावता टास्कबारवर किंवा यादीत ‘हेडफोन्स’ असं दिसतं. पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर करा आणि आत असताना थोडी फिरवा. टॉर्चच्या उजेडात कचरा दिसला तर लॅपटॉप बंद करून, शक्य असल्यास बॅटरी काढून, लाकडी टूथपिकने हलक्या हाताने ओढून काढा किंवा हवेच्या डब्याचे छोटे झोत मारा. सुई किंवा सेफ्टी पिन घालू नका. त्याने पाती कायमची वाकते आणि मग जॅकच बदलावा लागतो.

जॅक स्वच्छ असेल तर एन्हान्समेंट बंद करा. डॉल्बी, डीटीएस, वेव्हज, नहिमिक अशी ध्वनी ‘सुधारणारी’ सॉफ्टवेअर्स मिक्सर आणि ड्रायव्हर यांच्या मधोमध बसतात, आणि विंडोजचं मोठं अपडेट आलं की त्यांचं बिनसतं. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड इथे स्पीकरच्या नावावर क्लिक करून ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ ‘ऑफ’ करा. डिसेंबर २०२४मध्ये विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत डिराक ऑडिओ नावाचं असंच सॉफ्टवेअर असलेल्या लॅपटॉपांचा आवाज गेला होता. अंगचे स्पीकर आणि ब्लूटूथ दोन्ही बंद. मायक्रोसॉफ्टला अशा लॅपटॉपांना ते अपडेट देणंच थांबवावं लागलं.

त्याच पानावर ‘फॉरमॅट’ आहे. २४ बिट, ४८००० हर्ट्झ किंवा १६ बिट, ४४१०० हर्ट्झ, यांपैकी जे नसेल ते निवडून बघा. जुन्या खिडकीतल्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ॲपला उपकरणाचा एकट्याचा ताबा घेऊ देणारी टिक असते. संगीतनिर्मितीचं एखादं सॉफ्टवेअर आवाज ताब्यात घेऊन बसत असेल तर ती काढा. एकाच बाजूने आवाज येत असेल तर ‘लेव्हल्स’मधला ‘बॅलन्स’ तपासा. स्पीकर उघडण्याआधी हे तपासणं कंटाळवाणं वाटतं, पण तासाभराचं काम वाचवतं.

ड्रायव्हर, पण क्रमाने

स्टार्टच्या बटणावर राइट-क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ची यादी पसरवा. बहुतेक लॅपटॉपांत तिथे रियलटेकचं नाव दिसतं. चिन्हावर खाली तोंड केलेला बाण असेल तर उपकरण कोणीतरी बंद केलंय, तेव्हा राइट-क्लिक आणि ‘एनेबल’. पिवळा त्रिकोण असेल तर नावावर डबल-क्लिक करून ‘डिव्हाइस स्टेटस’ वाचा. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकलं नाही, कोड २२ म्हणजे बंद केलेलं आहे, कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच बसवलेला नाही, आणि कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची खात्री पटली नाही.

आवाज एखाद्या अपडेटनंतर गेला असेल तर ‘ड्रायव्हर’ टॅबमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ पहिल्यांदा वापरा. असं खरोखर घडतं. ऑक्टोबर २०१८मध्ये विंडोज अपडेटमधून इंटेलचा चुकीचा ऑडिओ ड्रायव्हर लोकांच्या संगणकांवर गेला आणि त्यांचा आवाज बंद पडला. तो ड्रायव्हर काढणं हाच त्यावरचा उपाय होता. रोल बॅकचं बटण फिकट असेल तर आधीचा ड्रायव्हर साठवलेला नाही.

तसं असेल तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा, पण विचारलेल्या चौकटीत ड्रायव्हर पुसून टाकायची टिक या वेळी लावू नका. रीस्टार्ट झाल्यावर विंडोज तोच ड्रायव्हर नव्याने मांडतं, आणि बरेच हट्टी बिघाड तेवढ्यानेच सुटतात. तरीही जमलं नाही तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टच्या पानावरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर उतरवून घ्या, मग टिक लावून जुना पुसा आणि नवा बसवा. मॉडेलचं नाव पाठीमागच्या लेबलवर असतं. एकाच मालिकेत चार मॉडेलं असतात, त्यामुळे अर्ध्या नावावर समाधान मानू नका.

भलत्याच साइटवरून मिळणारा सर्वसाधारण रियलटेक ड्रायव्हर का नको? कारण कोडेक तोच असला तरी त्याची कोणती पिन स्पीकरला जोडलीय आणि कोणती जॅकला, हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं. शिवाय अनेक नव्या लॅपटॉपांत स्पीकरसाठी सिरस लॉजिक किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा वेगळा स्मार्ट ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. विंडोज कोरं करून टाकल्यावर हेडफोन वाजतात पण स्पीकर ढिम्म, असं झालं की पहिला संशय याच राहिलेल्या ड्रायव्हरवर घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अदर डिव्हायसेस’खाली अनोळखी उपकरणं दिसत असतील तर त्यांतलं एखादं तेच असतं. इंटेलच्या यंत्रांत ‘स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी’ नावाचा टप्पाही ‘सिस्टिम डिव्हायसेस’मध्ये असतो. तो नीट नसेल तर त्याच्या पुढची ऑडिओ चिप दिसतच नाही, म्हणून चिपसेटचे ड्रायव्हरही कंपनीच्याच पानावरून घ्या.

जुन्या लॅपटॉपांसाठी एक हुकमी उपाय आहे. ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, मग यादीतून निवडण्याचा पर्याय, आणि तिथे ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’. हा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर नखरे करत नाही.

ऑडिओचं उपकरणच डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर आणि जोडलेलं सगळं काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. उरलासुरला चार्ज निघून जातो आणि अडकलेली चिप कधीकधी परत दिसू लागते. त्यानंतर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग्ज) जाऊन ऑडिओचा पर्याय ‘एनेबल्ड’ आहे का ते पाहा. सगळ्याच लॅपटॉपांच्या बायोसमध्ये हा पर्याय नसतो.

मॅक आणि लिनक्स

मॅकमध्ये सिस्टिम सेटिंग्जच्या ‘साउंड’मध्ये ‘आउटपुट’खाली अंगचे स्पीकर निवडा. तरीही शांतता असेल तर ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’मध्ये ‘कोअरऑडिओडी’ (coreaudiod) ही प्रक्रिया शोधून बंद करा. ती लगेच आपोआप परत सुरू होते आणि तेवढ्याने बऱ्याचदा आवाज येतो. २०१५पर्यंतच्या मॅकबुक प्रोमध्ये हेडफोनच्या भोकातून लाल उजेड दिसत असेल तर जॅक डिजिटल आउटपुटवर अडकलाय. पिन आत-बाहेर करून आतली खटकी सोडवावी लागते.

लिनक्समध्ये टर्मिनलमध्ये alsamixer असं टाइप करून अल्सामिक्सर हा आवाजाचा मिक्सर उघडा, एफ ६ दाबून योग्य साउंड कार्ड निवडा, आणि ‘मास्टर’, ‘स्पीकर’, ‘हेडफोन’ या खांबांखाली ‘एमएम’ आहे का बघा. त्याचा अर्थ तो खांब म्यूट आहे. एम दाबला की म्यूट उठतं. सेटिंग्जमध्ये नुसतं ‘डमी आउटपुट’ दिसत असेल तर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कार्ड सापडलेलं नाही. इंटेलच्या नव्या लॅपटॉपांत त्याचं कारण बहुधा साउंड ओपन फर्मवेअरचं पॅकेज नसणं हे असतं.

आता यंत्र उघडायचं का?

आधी शहानिशा करा. उबुंटू या लिनक्सची पेनड्राइव्ह बनवून, काहीही इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ मोडमध्ये लॅपटॉप चालू करा. तिथे आवाज आला तर हार्डवेअर ठीक आहे, दोष विंडोजमध्ये. नाही आला तर मात्र लगेच निकाल देऊ नका, कारण नव्या स्मार्ट ॲम्प्लिफायरांना लिनक्समध्ये आधार नसण्याचीही शक्यता असते. काही कंपन्यांच्या लॅपटॉपांत बूट होण्याआधीची हार्डवेअर चाचणी स्पीकरही वाजवून बघते. ती जास्त भरवशाची.

दोन्ही स्पीकर एकाच दिवशी जळणं दुर्मीळ. दोन्ही एकदम गेले असतील तर जोडणी, ॲम्प्लिफायर किंवा जॅकवर संशय घ्या. एकच गेला असेल तर तो स्पीकर किंवा त्याची तार. नुकताच लॅपटॉप उघडून बॅटरी, रॅम किंवा एसएसडी बदलली असेल तर स्पीकरचा छोटा कनेक्टर परत बसवायचा राहिला असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त.

उघडताना चार्जर काढा आणि झाकण निघताच पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवा. स्क्रूंच्या जागा कागदावर काढून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो बोर्डात घुसतो. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा, तिला टोचू-दाबू नका. स्पीकरचा कनेक्टर काढून मल्टीमीटर ओहमवर ठेवा आणि एकेका स्पीकरच्या दोन तारा मोजा. लॅपटॉपचे स्पीकर साधारण ४ किंवा ८ ओहमचे असतात आणि मीटर त्यापेक्षा किंचित कमी दाखवतो. मीटर जागचा हललाच नाही तर आतली कॉइल तुटलीय. मीटर नसेल तर १.५ व्होल्टचा साधा सेल त्या दोन तारांना क्षणभर टेकवा: जिवंत स्पीकर ‘टक’ असा आवाज करतो. टेकवून धरून ठेवू नका, कॉइल तापते.

स्पीकर ठीक, जोडणी ठीक, आणि तरीही हेडफोनसकट सगळं बंद असेल तर कोडेक किंवा त्याच्या आसपासचा बोर्ड गेलाय, विशेषतः पाणी सांडल्यानंतर. बोर्डवरची चिप बदलणं हे हॉट एअर स्टेशनवर (गरम हवेने चिप काढायचं-बसवायचं यंत्र) हात बसलेल्या माणसाचं काम आहे. त्याआधी यूएसबी साउंड कार्ड किंवा यूएसबी हेडसेट लावून बघा. त्यात स्वतःची ऑडिओ चिप असते, त्यामुळे लॅपटॉपचा कोडेक मेला असला तरी ते वाजतं, आणि पुष्कळांचं काम त्यावरच कायमचं भागतं. तसंच वापरायचं ठरवलंत तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुनं ऑडिओ उपकरण ‘डिसेबल’ करून ठेवा, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला विंडोज पुन्हा त्या मेलेल्या स्पीकरकडेच आवाज पाठवू लागेल.